नीट दिसतात का?

चित्र पहिलं. स्पष्ट.

अंबादास लकारे, वय त्रेसष्ट, येवल्याचे पैठणी विणकर आणि माझे यजमान, भगवती मेडिकलच्या कोपऱ्यातल्या यंत्रासमोर स्टुलावर बसले होते. हनुवटी पट्टीवर, कपाळ कमानीला टेकलेलं. यंत्र बाईच्या आवाजात सांगत होतं, "हिरव्या ठिपक्याकडे बघा. छान. पुन्हा काढूया."

थोड्या वेळाने, "पुन्हा काढूया."

परत, "पुन्हा काढूया."

"हिला माझा फोटो काय स्थळाला पाठवायचाय?" यजमान हनुवटी न उचलता पुटपुटले.

"बोलू नका अप्पा, चित्र हालतं," मेडिकलचे निकमभाऊ काउंटरवरून ओरडले.

बाकीच्यांना एक मिनिट लागतं. यांना चार मिनिटं लागली. मग घंटी वाजली आणि चिठ्ठी बाहेर आली. गुण शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. नसांची स्थिती उत्तम. पुढची तपासणी एका वर्षाने.

"अठ्ठ्याऐंशी!" चिठ्ठी हवेत धरून ते म्हणाले. "दहावीला एवढे असते तर मामलेदार झालो असतो. निकम, बघ, चौदा वर्षं साखर आहे अंगात, तरी अठ्ठ्याऐंशी."

"वहिनींची पुण्याई," निकमभाऊ म्हणाले.

मी हसले. कारण त्यांना म्हणायचं होतं ते निराळं होतं. हे यंत्र म्हणजे माझा शिष्य होता.


चित्र दुसरं. थोडी साय आहे, पण चालेल.

साय म्हणजे काय ते सांगते.

डोळ्याच्या पुढे काचेसारखा पडदा असतो. डॉक्टर त्याला पारपटल म्हणतात. तो आरपार दिसतो म्हणून आपल्याला वाटतं, त्यात काही नाही. पण वरच्या कातडीखाली, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीवर, नसांचं एक जाळं पसरलेलं असतं. अंगात दुसरीकडे कुठे एवढ्या दाट नसा नाहीत. धुळीचा कण गेला की आपण नाचतो ते त्यामुळे.

आता गंमत अशी की साखरेच्या आजारात पायाच्या नसा झिजायला लागतात, त्याच सुमाराला डोळ्यातल्याही झिजतात. पायाची नस बघायची तर कातडीचा तुकडा काढावा लागतो. डोळ्यातली नस मात्र उघड्यावर असते, जिवंत, फक्त बघणारा पाहिजे. हे यंत्र टाचणीच्या टोकाहून बारीक भोकातून बघतं. एकाच खोलीवरून आलेला उजेड त्या भोकातून आत जातो; वरचा-खालचा सगळा अडतो. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून लहान चौकोनात नसा अशा दिसतात, जशा काळ्या चादरीवर पसरलेल्या पांढऱ्या रेशमाच्या तारा. किती तारा आहेत, किती लांब आहेत, ते मोजलं की पायाचं भविष्य दोन-तीन वर्षं आधी कळतं.

अडचण एकच. माणूस श्वास घेतो, छातीत ठोके पडतात, डोळा हालतो. खोली जराशी चुकली की दिसतात नुसत्या वरच्या पेशी, गोल गोल, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. शंभरात ऐंशी चित्रं अशीच. म्हणून यंत्राला आधी निवडायला शिकवावं लागतं. कोणतं चित्र ठेवायचं, कोणतं टाकून पुन्हा काढायचं. मोजणी नंतर, फक्त ठेवलेल्या चित्रांवर.

आठ वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार तेहतीसला, आमची मुलगी शर्वरी पुण्याला या कंपनीत नुकतीच लागली होती. तिचा फोन आला. "आई, आम्हाला अशी माणसं हवीत ज्यांना दिवसभर तारा बघायची सवय आहे. तुमच्या सांधणीच्या बायका आणतेस?"

सांधणी म्हणजे मागावरच्या उभ्या ताण्याच्या तुटलेल्या तारा जोडायचं काम. तीन हजार तारांत एक तुटलेली लांबून ओळखायची. आम्ही तीस जणी निघालो. सहकारी सोसायटीच्या वरच्या हॉलमध्ये टेबलं लावली होती, प्रत्येकीपुढे पडदा आणि दोन बटणं: 'चांगलं' आणि 'पुन्हा काढा'. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांतल्या जुन्या यंत्रांनी काढलेली चाळीस हजार चित्रं. डॉक्टरी नावं आम्हाला येत नव्हती, म्हणून आम्ही आमची ठेवली. धूसर आलं ते साय. वरच्या पेशी आल्या तो साबुदाणा. दाबामुळे रेघा उमटल्या ती सुरकुती. आमच्यातल्या हलीमाआपाला एकदा सगळा साबुदाणाच आला तर ती म्हणाली, "आज मला उपास आहे वाटतं."

पडद्यावर वर, मोठ्या अक्षरांत, एकच सूचना असायची:

तंतू नीट दिसतात का?

तीन महिन्यांनी यंत्र आमच्यासारखं निवडायला लागलं. मग चार वर्षं परवानग्यांत गेली आणि ते गावोगावच्या मेडिकलमध्ये बसलं. लोक मला मशीनवाल्या मालाताई म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.


चित्र तिसरं. सुंदर.

चिठ्ठीनंतर पंधरा दिवसांनी मी चहा घेऊन मागाकडे गेले. यजमान मोर विणत होते. बघते तर मागाच्या खड्ड्यात पायाखालच्या पावडीवर लाल डाग. पावडीचा खिळा वर आला होता. "अहो, पायाला लागलंय," मी म्हटलं. त्यांनी मानही वर केली नाही. "मोराच्या गळ्याशी आलोय, थांब जरा." मी हसत हसत हळद लावली. शर्वरीला फोनवर सांगितलं, तुझे पप्पा विणायला बसले की खिळासुद्धा कळत नाही त्यांना. तीही हसली.

महिनाभर मी सगळ्यांना हे असंच सांगितलं.


चित्र तिसरं. याच्या आधीचं. हे मी टाकून दिलं होतं.

ते विणत नव्हते.

ते मागावरून उठून चौकात जाऊन दही घेऊन आले होते. माग ते दार, दार ते मोरी, लाल ठसे. मला वाटलं कुंकवाची डबी सांडली, म्हणून मी अर्धी फरशी पुसलीसुद्धा. मग पुसता पुसता ठसे त्यांच्या खुर्चीपाशी येऊन थांबले.

मी पाय उचलून मांडीवर घेतला. खिळ्याचं टोक तुटून तळव्यात राहिलं होतं. चिमट्याने ओढून काढलं, चांगलं अर्ध्या बोटाएवढं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या पायाशी काही करत होते.

"निघालं?" त्यांनी विचारलं.

आई गं नाही की काही नाही.

"दुखलं नाही तुम्हाला?"

"दुखलं ना," ते म्हणाले. पण ते म्हणायच्या आधी त्यांनी जरा विचार केला. "शर्वरीला सांगू नकोस. आणि दही फ्रिजमध्ये ठेव."

फ्रिजवर अठ्ठ्याऐंशीची चिठ्ठी चुंबकाने लावलेली होती. मी ती वाचली आणि दही आत ठेवलं.


चित्र चौथं. दोघेही हालले.

"नाशिकला नसांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला?"

"पाय दाखवायला."

"पायाला काय झालंय? खिळा होता, निघाला."

"अहो, तुम्हाला कळलं नाही तो."

"माला, कोष्ट्याचा तळवा आहे. पन्नास वर्षं पावडी मारली. त्याला घट्टा पडलाय, घोड्याच्या नालेसारखा."

"आणि बोटं? परवा जरीची तार तुमच्या बोटातून निसटली. दोनदा."

विणकराच्या बोटांबद्दल बोलणं म्हणजे गवयाच्या गळ्याबद्दल बोलणं. घरात आम्ही ते करत नाही.

"तू शिकवलेल्या यंत्राने सांगितलंय, अठ्ठ्याऐंशी," ते सावकाश म्हणाले. "तुझा तुझ्या कामावर विश्वास नाही का?"




चित्र पाचवं. स्पष्ट. फारच स्पष्ट.

निकमभाऊंना मी म्हटलं, "यांची टाकलेली चित्रं दाखवा."

"टाकलेली? वहिनी, टाकलेली कोण बघतं?"

"राहतात ना पण यंत्रात?"

"साठ दिवस राहतात. मग कंपनीकडे जातात आणि इथली पुसली जातात."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. यजमानांची त्या दिवशीची ठेवलेली चित्रं आठ. टाकलेली सहाशे चाळीस.

मी टाकलेली बघायला लागले. पहिली काही साबुदाणा होती, काही साय, ठीकच होतं. मग एक आलं आणि माझा अंगठा आपोआप टेबलावर दाबला गेला, 'पुन्हा काढा' म्हणून. आठ वर्षं झाली तरी सवय जात नाही. पुढचं. परत अंगठा. पुढचं. परत.

मग मी अंगठा मुठीत धरला आणि नुसतं बघितलं.

चित्रात साय नव्हती. साबुदाणा नव्हता. हाललेलंही नव्हतं. काळं कापड काळंभोर, आणि त्यावर चार-पाच तारा, बारीक, वेड्यावाकड्या, मध्येच मणी ओवल्यासारख्या गाठी, मध्येच तुटलेल्या. असली तीनशेच्या वर चित्रं होती. आणि ठेवलेली आठ? आठही डोळ्याच्या एकाच कोपऱ्यातली. तिथे अजून सात-आठ तारा सरळ उरल्या होत्या. यंत्र चार मिनिटं यांच्या डोळ्यात भिरभिरून तेवढा कोपरा शोधून आलं होतं.

दुकानात गिऱ्हाइकापुढे साडी टाकताना आपण घडी अशी घालतो की विणीतला दोष आत जावा. अगदी तसंच त्याने केलं होतं. म्हणजे अगदी माझ्यासारखंच.

"काय वहिनी, बिघडलंय का यंत्र?" निकमभाऊंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "शिकवल्याप्रमाणेच चाललंय."

पण ते असं का शिकलं, हे मला अजून कळलं नव्हतं. मी मोबाइलवर चार चित्रं घेतली आणि घरी आले.


चित्र सहावं. काळं. काही आलं नाही. (दोन दिवस.)


चित्र सातवं. चांगलं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी मोबाइल यांच्यापुढे धरला. काही सांगितलं नाही.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हा ताणा कुणाचा?"

"तुम्ही सांगा कसा आहे."

"कसा काय? परत पाठव त्याला. ही तार कुजकी आहे, ही बघ, इथे गाठ, इथे गाठ, इथे संपलीच. हातभर विणला की फाटेल. कुणी दिला तुला?"

"तुमचा आहे," मी म्हटलं. "उजव्या डोळ्यातला."

पंखा फिरत होता. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. एकदा बोट पडद्यावरून सटकलं. मला वाटलं आता ओरडतील, नाहीतर उठून मागावर जाऊन बसतील. ते म्हणाले,

"चित्र मात्र सुरेख काढलंय हं यंत्राने. एक एक गाठ मोजता येते."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, माल वाईट आहे, पण फोटो चांगला आहे."

मी उठून उभी राहिले. पडद्यावरची ती मोठी अक्षरं डोळ्यापुढे आली. तंतू नीट दिसतात का. तंतू नीट. तीस बायका, चाळीस हजार चित्रं, आणि प्रत्येक चित्रापुढे आम्ही तेच केलं होतं जे जन्मभर तारांपुढे केलं. सरळ, अखंड, दाट असेल तर नीट. वाकडी, तुटकी, विरळ असेल तर नीट नाही. पुन्हा काढा. आजारी माणसांची चित्रं आम्ही खराब चित्रं म्हणून फेकली होती.


चित्र आठवं. आवाज स्पष्ट, तोंडं नाहीत.

"शर्वरी, कामात आहेस का?"

"मीटिंग आहे पाच मिनिटांत. बोल."

"तो वरचा प्रश्न आठवतो का तुला? तंतू नीट दिसतात का?"

"हो, मीच लिहिला होता. का?"

"नीट म्हणजे काय गं?"

"नीट म्हणजे काय म्हणजे? नीट म्हणजे स्पष्ट. चित्र स्वच्छ आलंय का, तंतू ओळखता येतात का."

"अगं, भाकरी नीट दिसते का विचारलं तर तू काय दिवा लावून बघशील?"

ती हसली. मग हसणं मध्येच थांबलं. आमची शर्वरी हुशार आहे, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"आई," ती म्हणाली. "तुम्ही तारा बघत होतात? चित्र नाही?"

"आम्ही दोन्ही एकच धरलं."

"तिसांनी?"

"तिसांनी. कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारण्यासारखं वाटलंच नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. "थांब, मी बघते," ती म्हणाली. ती बराच वेळ काहीतरी दाबत होती. "ज्यांना चार मिनिटं किंवा जास्त लागली आणि टाकलेल्यांत स्वच्छ चित्रं जास्त आहेत, असे... आई, एकवीस हजार. साडेतीन वर्षांत. या सगळ्यांना आपण उत्तम म्हणून चिठ्ठी दिली."

मी तो आकडा कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहून घेतला.

"मूळ वाक्य इंग्रजीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "तंतू सुस्पष्टपणे दृष्टिगोचर होतात का, असं भाषांतर आलं होतं. मला ते फार सरकारी वाटलं. मी म्हटलं, आई वाचणार आहे. आईला कळेल असं लिहू. मी तुझ्यासाठी सोपं केलं होतं गं."

"मग मला कळायला नको होतं का? चूक माझी आहे."

"वाक्य माझं होतं."

"बोट माझं होतं."

"आई, तू मध्ये येऊ नकोस. मी साहेबांना सांगते की माझ्या एका शब्दाने..."

"तू काही सांगायचं नाहीस, तुझी नोकरी आहे. मी येते पुण्याला, मी सांगते की आम्ही अडाणी बायका..."

"अडाणी कोण म्हणालं तुम्हाला!"

"ए," यजमान मागून म्हणाले. फोन स्पीकरवर आहे हे मी विसरले होते. "माय-लेकींनो, चूक कुणाच्या ताटात किती वाढायची ते नंतर ठरवा. पाय माझा आहे."



"पप्पा? पायाला काय झालंय? त्या खिळ्याचं तर आई हसत सांगत होती."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे. मग त्यांनी स्वतःच तिला खिळ्याचं खरं काय ते सांगितलं, पहिल्यापासून, दह्यासकट. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "उद्या नाशिकला चाललोय. तुझी आई तीन आठवडे मागे लागलीये, मी ऐकत नव्हतो. रडू नकोस. मीटिंगला जा."


चित्र नववं. चौकोनी, कडा कापलेल्या.

कंपनीची बैठक घरच्या संगणकावर झाली. प्रमुख दाते नावाचे गृहस्थ होते, वाईट नव्हते. ते म्हणाले, एकवीस हजार लोकांना परत बोलावलं तर घबराट होईल, यंत्रावरचा भरोसा जाईल. पुढच्या आवृत्तीत हळूच दुरुस्त केलं तर?

शर्वरी म्हणाली, "पुढची आवृत्ती आठ महिन्यांनी येते, सर."

"आठ महिन्यांत काय एवढं..."

यजमान माझ्या शेजारी बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि पट्टी बांधलेला पाय टेबलावर, कॅमेऱ्यापुढे ठेवला. पडदाभर पाय.

"नमस्कार साहेब," पायामागून आवाज आला. "मी अठ्ठ्याऐंशी गुण."

दुसऱ्या दिवशी यंत्रं बंद झाली. परत बोलावण्याची पत्रं आठवड्यात गेली. शर्वरीची नोकरी राहिली, पण पत्राच्या खाली चूक कशामुळे झाली ते तिने स्वतःच्या नावाने लिहिलं, आणि त्यातली एकही ओळ मला बदलू दिली नाही.


चित्र दहावं. स्वच्छ.

सोसायटीच्या हॉलमध्ये तीसपैकी बावीस जणी आल्या. दोघी वारल्या होत्या, सहा जणी लेकी-सुनांकडे गेल्या होत्या. शर्वरी स्वतः आली होती, यंत्रांनी टाकलेली चित्रं घेऊन. या वेळी सूचना काय लिहायची यावर चहा होईपर्यंत भांडण चाललं.

"स्पष्ट लिही."

"स्पष्ट म्हणजे तोंडावर बोलतात तसं?"

"ठळक?"

"ठळक तर कुंकू असतं."

हलीमाआपा आता सत्तरीची होती, तिचा चष्मा सगळ्यांत जाड होता. ती म्हणाली, "एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबल्या म्हणून तर झालं सगळं. दोन विचारा. एक चित्राचा, एक माणसाचा. आरसा पुसलेला आहे का, हे निराळं. तोंड सुजलंय का, हे निराळं."

शर्वरीने खडू उचलला. मग तिने फळ्यावर लिहिलं:

चित्र स्वच्छ आहे का?
तारा धड आहेत का?

दोन्हीला हो आणि नाही अशी निरनिराळी बटणं. चित्र फक्त पहिल्या उत्तरावर ठेवायचं. दुसऱ्या उत्तरावर काहीही टाकायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. बोटांना सोपं नव्हतं. कुजक्या ताण्यापुढे 'हो' दाबायचं म्हणजे काय, हे आमच्या बायकांना विचारा. पहिल्या दिवशी सगळ्या अडखळत होत्या. कुणी चुकून जुन्यासारखं दाबलं की दुसरी ओरडायची, "अगं, माणूस फेकलास!" मग ती माघारी जाऊन त्याला उचलून आणायची. दुपारपर्यंत ते हॉलचं बोलणंच झालं. माणूस फेकलास. माणूस उचल.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या पडद्यावर एक चित्र आलं. चित्रांवर नावं नसतात. पण मी ते दोन दिवस मोबाइलमध्ये घेऊन फिरले होते, मला गाठ न् गाठ पाठ होती.

हलीमाआपाने माझा हात थांबलेला बघितला. मान वाकडी करून माझ्या पडद्यावर बघितलं. तिने ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी. "काय झालं? साय आहे का?"

"नाही."

"साबुदाणा?"

"नाही, आपा. फार छान चित्र आहे."

"मग दाब की."

चित्र स्वच्छ आहे का? मी हो दाबलं.

तारा धड आहेत का? मी नाही दाबलं.

आणि पुढचं चित्र आलं, कुणाचं तरी.


चित्र अकरावं.

खरे गुण एकतीस निघाले. नाशिकच्या डॉक्टर बोरस्ते यांनी पायावर काटा आणि कापूस फिरवून बघितला आणि गोड न बोलता सांगितलं. तळव्यातलं गेलंय ते बहुतेक गेलं. थोडं येईलही, शब्द देत नाही. हाताच्या बोटांतलं अजून शाबूत आहे, आणि आता पथ्य, व्यायाम, हे नवीन इंजेक्शन नीट चाललं तर राहील. सहा महिने उशिरा आला असतात तर हे वाक्य मी म्हटलं नसतं, असंही बजावलं.

बाहेर आल्यावर यजमान बाकावर बसून दोन्ही हातांची बोटं एकेक करून अंगठ्याला लावत होते, पुन्हा पुन्हा. मी त्यांना करू दिलं.

डॉक्टरांनी एक काम मला दिलं. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे बघायचे. काही टोचलंय का, फोड आहे का, रंग बदललाय का. त्यांना स्वतःला वाकून दिसत नाही, आणि कळत तर नाहीच.

यजमानांना ते फार लाजिरवाणं वाटलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "बायकोच्या मांडीवर पाय. कुणी बघितलं तर?"

"बघू देत. लग्नात मी तुमच्या पाया पडले होते तेव्हा सगळ्या गावाने बघितलं."

"तेव्हा तू एवढं निरखून बघत नव्हतीस."

"तेव्हा तुम्ही एवढे आवडत नव्हता."

यावर ते उगीचच खिडकीबाहेरच्या कुत्र्याला हाड म्हणाले.

असे पाच महिने झाले. आता ते स्वतःच दिवेलागणीला खुर्चीत बसून पाय पुढे करतात आणि पेपर वाचतात. मी एका हातात बॅटरी घेऊन टाचेपासून सुरू करते, मग कडा, मग बोटांच्या बेचक्या. मला तो पाय आता माझ्या तळहातापेक्षा जास्त माहीत आहे. ते कधी कधी पेपरातलं मोठ्याने वाचून दाखवतात. मी ऐकते, नाही ऐकत.

परवा मी डाव्या पायाच्या खळग्यात, टाचेच्या जरा पुढे, अडकलेला रेशमाचा बारीक तुकडा बोटाने काढत होते. हे नाशिकच्या कांद्याचं काहीतरी वाचत होते. एकदम पाय मागे घेतला.

"काय हो?"

"काय?"

"पाय का ओढलात?"

"मी कुठे ओढला?"

"आत्ता ओढलात."

त्यांनी पेपर खाली केला. आम्ही दोघं पायाकडे बघत होतो.

"काहीतरी झालं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे... गुदगुल्या. छे, छे. या वयात?"

मी बॅटरी खाली ठेवली. पाय परत मांडीवर घेतला. तो खळगा शोधला आणि तिथे करंगळीचं टोक नुसतं टेकवलं, आमच्याकडे तार तुटेल अशी असली की टेकवतात तसं.

"इथे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "जरा खाली. अजून जरासं. थांब... हां. माला, तिथून बोट काढू नकोस."